एक भाकरी, सहा वाड्या

माझ्या दवाखान्यात येणारा माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग भिंतीवरच्या पदवीकडे आणि मग पुन्हा माझ्याकडे. त्या दुसऱ्या बघण्यात एक प्रश्न असतो आणि तो माझ्या कमरेच्या आसपास घुटमळत असतो. मी अंगाने भरलेली आहे. आई, मावश्या, आत्या, सगळ्या अशाच. एका पेशंटने तर तोंडावर सांगितलं की वजन कमी करायला तुमच्याकडे येणं म्हणजे टकल्या न्हाव्याकडे केस कापायला जाणं. मी म्हटलं, "मग बिघडलं कुठे? तो स्वतःचे थोडेच कापणार आहे?" त्याचं वजन पुढे छान उतरलं. माझं आहे तिथेच आहे. माझी साखर, रक्तदाब, गुडघे सगळं ठणठणीत आहे, हे मात्र जाता जाता सांगून ठेवते.

अलिबागेत औषधांच्या एका दुकानावर माझी खोली आहे. जिना इतका उभा, की वर आलेला माणूस पाच मिनिटं धापा टाकतो आणि आजचा व्यायाम झाला असं मनाशी धरून चालतो. खालचा दुकानदार "वर डाएटबाई बसतात" असं सांगून लोकांना पाठवतो. ते नाव आता कायमचं चिकटलंय. दिवाळी अंकासाठी अनुभव लिहा, पण पथ्याच्या सूचना अजिबात नकोत, असं संपादकांनी बजावलंय. वाचकाच्या एका हातात चकली असणार, दुसऱ्या हातात अंक. तेव्हा बेफिकीर खा. मी जनूभाऊंची गोष्ट सांगते.

त्याआधी आमच्या धंद्याबद्दल थोडं. लोकांना वाटतं आम्ही खाणं बंद करतो. खरं तर आमचं निम्मं काम माणूस काय खातो ते त्याच्याकडून काढून घेण्यात जातं. माणसं खोटं बोलत नाहीत हो. फक्त त्यांच्या लेखी काही खाणं हे खाण्यात धरायचंच नसतं. उभ्याने खाल्लेलं धरायचं नाही. मीठ बरोबर आहे का बघताना पोटात गेलेलं धरायचं नाही. पोरांच्या ताटात उरलेलं, प्रसादाचं, दुसऱ्याच्या घरचं, गाडीत बसून खाल्लेलं, यातलं काहीच धरायचं नाही. रेवदंड्याच्या एका बाईंनी भात सोडला होता, देवाशपथ सोडला होता. सकाळी घावने, दुपारी तांदळाची भाकरी, चार वाजता उकड आणि रात्री हलकं म्हणून पेज. वजन का उतरत नाही म्हणून माझ्यावर रागावून त्या दुसरीकडे गेल्या. एकाला मानवलेला आहार दुसऱ्याला मानवत नाही, हे आम्ही पुस्तकात शिकतो. पण आहार शरीराला मानवण्याआधी त्या माणसाच्या दिवसाला मानवावा लागतो, आणि तो दिवस कुठल्याच पुस्तकात नसतो.

तर जनूभाऊ. ते स्वतःहून आले नव्हते. त्यांना नागावच्या मनोरमाकाकूंनी आणलं होतं, बिघडलेला पंप दुरुस्तीला आणावा तसं. काकू ऐंशीच्या, काटकुळ्या, नागावात त्यांची नारळ-सुपारीची जुनी वाडी. पेशंटच्या खुर्चीत त्या स्वतः बसल्या. जनूभाऊ दाराशी उभे, पन्नाशीचे, गोल गरगरीत, टोपी हातात.

"डॉक्टर, ह्याला हलका करा," काकू म्हणाल्या.

"काकू, मी डॉक्टर नाही."

"मग कोण आहात?"

मी काय आहे ते सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पदवीकडे बघितलं आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं. "असू दे," म्हणाल्या. "ह्याचं काय ते करा. माझी झाडं वाकायला लागलीत."

जनूभाऊ वाड्यांमधला नारळ आणि सुपारी उतरवतात. माड जाडजूड असतो, तो कोणाचंही वजन सोसतो. सुपारीचं झाड, म्हणजे पोफळ, हे मात्र उंचच उंच आणि सडपातळ. पोफळीवर चढणारा माणूस प्रत्येक झाडाला खाली उतरत बसत नाही. शेंड्याजवळचा घड कापायचा, मग झाडालाच झोका द्यायचा, झोक्यात पुढची पोफळ हाताला लागली की तिला मिठी मारायची आणि मागची सोडून द्यायची. ती सटकन सरळ होते. असा माणूस विहिरीपाशी चढतो आणि रांगेच्या दुसऱ्या टोकाला उतरतो, मधे जमिनीला पाय लागत नाही. सगळी गंमत वाकण्यात आहे. पोफळ जेवढ्यास तेवढी वाकली पाहिजे.

"आता ती वाकते ती वाकतेच," काकू म्हणाल्या. "परवा काय झालं सांग ह्यांना."

जनूभाऊंनी टोपी चुरगाळली. "बाल्कनीत गेलो."

काकूंच्या वाडीला लागून शेजाऱ्यांनी पर्यटकांसाठी दोन मजली घर बांधलंय. मधल्या एका पोफळीने झोका घेतला तो पुढच्या झाडाकडे न जाता शेजारी गेला आणि जनूभाऊंना तिने वरच्या मजल्याच्या बाल्कनीत अलगद नेऊन ठेवलं. तिथे पुण्याचं एक कुटुंब नाश्त्याला बसलेलं. मंडळी सुसंस्कृत होती. त्यांनी या बसा म्हटलं आणि पोहे पुढे केले.

"मग?" मी विचारलं.

"खाल्ले. न्हाय कसं म्हणनार? एका हातानं झाड धरलं व्हतं."

"झाड का धरलंत?"

"सोडलं तर सरळ जाईल की. मंग उतरू कसा? त्यांच्या जिन्यानं चपला घालून यावं लागतं, माझ्या चपला खाली व्हत्या."

त्या कुटुंबाने या प्रसंगाचे भरपूर फोटो काढले. हसण्यासारखं होतं आणि मी हसलेही, पण काकू हसल्या नाहीत. त्यांनी जे सांगितलं ते असं: त्यांचा पुतण्या श्रीरंग ठाण्याला असतो. वाडी दोघांच्या नावावर. त्याने एका बाजूची झाडं आधीच तोडून गाड्या लावायला जागा केली होती आणि आता उरलेल्या पोफळी काढून पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या म्हणत होता. सुपारी उतरवायला माणूसच मिळत नाही तर झाडं ठेवून काय करायचं, हे त्याचं म्हणणं. त्यावर काकूंकडे एकच उत्तर होतं, आणि ते उत्तर टोपी चुरगाळत माझ्या दाराशी उभं होतं. पावसाळ्यानंतर सुपारी पिकेल. तेव्हा विहिरीपासून शेवटच्या झाडापर्यंतची रांग जनूभाऊंनी न उतरता पुरी केली तर झाडं राहतील. नाही केली तर करवत. असं दोघांचं ठरलं होतं.

"आणि झाडं गेली की हा काय करणार?" काकू म्हणाल्या. "ह्याला दुसरं काही येत नाही."

"न्हाय येत," जनूभाऊंनी दुजोरा दिला.

मी वजन घेतलं. काट्यावर ते फार नाराजीने चढले. "ह्यो काय सांगनार? पोफळ सांगते ते खरं." मग मी त्यांना आमचा नेहमीचा आहार लिहून दिला. सकाळी ओट्स, दुपारी काकडी-टोमॅटो आणि नाचणीची भाकरी, संध्याकाळी मूग, असं सगळं शास्त्रशुद्ध. जाताना त्यांनी एकच शंका विचारली.

"मॅडम, डायट जेवणाच्या आदी घ्यायचं का नंतर?"

मला तो विनोद वाटला. पंधरा दिवसांनी आले तेव्हा वजन वाढलं होतं. विनोद नव्हताच तो. घरी त्यांची बायको सुगंधा सकाळी मोठा वाडगाभर ओट्स औषधासारखे पुढे ठेवायची, ते डोळे मिटून गिळायचे आणि मग नेहमीचं खायचे. ओट्स त्यांच्या पोटाला मानवलेही नाहीत. पोटात इतकं गुरगुरायचं की घड कापताना शेजारच्या माडावरचे कावळे उडून जायचे.

"नेहमीचं म्हणजे काय खाता?"

"घरात कायच न्हाय, मॅडम. च्या फक्त."

हे खरं होतं. मी सुगंधाला फोन करून खात्री केली. ती भडकलेली होती. "घरात खातच न्हाईत हो! मी केलेली भाकरी तशीच राहते रोज. कुठं चरतात कुनास ठाऊक." रात्री मात्र भात आणि माशाचं कालवण, तेही बेताचं. एवढ्यावर माणूस असा फुगणार नाही. माझं डोकं चालेना, म्हणून एका सकाळी मी सरळ नागावला गेले.

मग उलगडा झाला. आमच्या या वाड्यांमधून एक रीत आहे. झाडावर उपाशी माणूस चढवायचा नाही. चढवला आणि पडला, तर दोष त्या घराला. त्यामुळे जनूभाऊ वाडीत शिरले की झाडाआधी ओटी. पानावर काही तरी वाढलेलं असतं, ते संपल्याशिवाय कोयता कमरेला लागत नाही. रीत जुनी आणि चांगली आहे. पूर्वी एका वाडीतच दिवस जायचा. एक नाश्ता आणि दिवसभर झाडं. मग मोठ्या वादळात झाडं पडली, पडली तिथे खोल्या झाल्या, कुठे पार्किंग झालं. आता एकेका वाडीत थोडीथोडी पोफळ उरलीय आणि जनूभाऊंना दिवसात सहा वाड्या कराव्या लागतात. झाडं तेवढीच, नाश्ते मात्र सहा. त्यातच पर्यटकांमुळे सगळ्यांची स्वयंपाकघरं मोठी झालीत.

त्यांच्यामागून मी सहा वाड्या फिरले. पहिल्या घरी घावने आणि नारळाची चटणी. दुसऱ्या घरी पोहे, वर ओलं खोबरं. तिसऱ्या घरी कालच्या पाहुण्यांसाठी केलेले आणि उरलेले मोदक. पुढे सांजा, मग अंडा-पाव, मग थालीपीठ आणि ताक. यातलं काहीच त्यांच्या हिशेबी खाण्यात नव्हतं, कारण ते दुसऱ्याच्या घरचं होतं. मलाही प्रत्येक घरी बसवलं. मी झाडावर चढणार नाही हे सांगून बघितलं, पण उगाच धोका कशाला, म्हणून मलाही वाढलं.

मी सहाही घरी जाऊन सांगितलं की जनूभाऊंना वजन उतरवायचं आहे, तुमची मदत हवी. आजवर मी बोललेल्या वाक्यांमध्ये याहून महागात पडलेलं वाक्य नसेल. सगळ्यांनी मदत केली! घावनेवाल्यांचा मुलगा पुण्याला असतो, त्याने भाकरी-भात विष आहे असं सांगून पनीर आणि लोण्याची व्यवस्था लावली. दुसऱ्या घरच्या मास्तरीणबाईंचा उपासावर विश्वास, त्यांनी साबुदाण्याची खिचडी आणि रताळी सुरू केली. तिसऱ्या घरी फक्त फळं, म्हणजे केळी, चिकू आणि फणसाचे गरे. चौथ्या घरी नाचणीचं सत्त्व गूळ घालून, पाचव्या घरी भिजवलेले बदाम, वाटीभर. सहाव्या, म्हणजे खुद्द काकूंच्या घरी दुधी भोपळ्याचा रस, आणि तो कडू लागतो म्हणून वर पोहे.

पुढच्या वेळी जनूभाऊ जिना चढून आले ते खुर्चीत कोसळलेच.

"मॅडम, एक डायट झेपत व्हतं. सहा न्हाय झेपत."

मला हसू आवरेना आणि रडूही येत होतं. बाहेर पाऊस ओसरत आला होता. काकूंचा रोज फोन यायचा, "उतरला का?" जणू जनूभाऊ झाडावरच आहेत. मी जरा चिडूनच म्हटलं, काकू, तुम्ही सगळ्याजणी खायला घालणं थांबवा, तो आपोआप उतरेल. मग त्या म्हणाल्या, "ह्याचा बाप आमच्याच वाडीत पडला होता. मी तेव्हा नवी नवरी. त्या दिवशी सोवळ्याओवळ्याच्या घोळात चूल उशिरा पेटली आणि तो तसाच चढला. पुढे आयुष्यभर लंगडत होता, लंगडतच चढत होता. मला नका सांगू थांबव म्हणून."

इतकी वर्षं मी पेशंटना विचारत आले, काय खाता, किती खाता, किती वाजता खाता. कोण वाढतं आणि वाढताना त्याच्या मनात काय असतं, हे विचारलंच नव्हतं. वाईट वाटलं. त्याच वेळी सुगंधाचं बोलणं आठवलं, मी केलेली भाकरी रोज तशीच राहते म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी सहाही घरच्या बायकांना काकूंच्या ओटीवर बोलावलं. जनूभाऊंसाठी सुगंधाने तांदळाची एक मोठी भाकरी आणि सुकटीची चटणी फडक्यात बांधून आणली होती. मी म्हटलं, उद्यापासून हेच. पहिल्या वाडीत तुम्ही फडकं सोडायचं, तुमच्या हाताने ह्या भाकरीचा एक तुकडा मोडून त्यांना द्यायचा. दुसऱ्या वाडीत दुसरा. असे सहा. म्हणजे तुमच्या घरातून ते उपाशी चढले असं कोणी म्हणणार नाही. तुमच्याच हातचं खाऊन चढले.

बायका विचारात पडल्या. मास्तरीणबाई म्हणाल्या, "पण भाकरी तर तिची."

"हात तुमचा ना?"

त्यावर बरीच चर्चा झाली. तुकड्यावर थोडं लोणी चालेल का? बोटभर गूळ? भाकरीचा तुकडा मोदकात घालून दिला तर? शेवटी काकूंनी काठी आपटली. "हात आपला, भाकरी तिची. बास." तिथे शास्त्र संपलं.

आणि वजन उतरायला लागलं. सकाळभर थोडं थोडं पोटात, दुपारी घरी जेवण, रात्री त्यांचा भात आणि कालवण जसंच्या तसं. ओट्स सुगंधाने कोंबड्यांना घातले, त्यांना ते मानवले. दुसरं कोणी असतं तर हा आहार चालला नसता. मुंबईच्या बँकेतल्या माणसाला मी असं सांगितलं असतं तर त्याने मला वेड्यात काढलं असतं. पण आजवरच्या माझ्या कामात मी दिलेला हा सगळ्यात चांगला आहार, असं मला वाटतं. वजनाचा काटा मात्र जनूभाऊंनी शेवटपर्यंत मानला नाही. ते त्या मधल्या पोफळीवर चढून झोका घ्यायचे आणि शेजारची बाल्कनी किती जवळ येते ते बघायचे. आधी कठड्याच्या आत जायचे, मग कठड्यावर टेकायचे, मग बोटं लागायची. दर शनिवारी पर्यटक बदलायचे, पण प्रत्येक जण निघताना पुढच्याला सांगून जायचा की सकाळी बाल्कनीत एक गृहस्थ येतात.

मग सुपारी पिकली; ही गेल्या वर्षीची गोष्ट. ठरल्या दिवशी श्रीरंग ठाण्याहून मोठी गाडी घेऊन आला, त्याच्याबरोबर करवतवाला माणूस. सहाही घरं विहिरीपाशी जमली. प्रत्येकीच्या पदराआड एक डबा होता, पण काकूंच्या काठीमुळे तो पदराआडच राहिला. सुगंधाने फडकं सोडलं आणि तुकडा मोडायला पुढे केलं ते काकूंच्या पुढे. काकूंनी तुकडा मोडून दिला. जनूभाऊंनी तो घास खाल्ला, पायात दोराचा वेढा घातला आणि चढले.

पहिली, दुसरी, तिसरी. मागची पोफळ सटकन सरळ व्हायची, तेव्हा खालच्या बायका एकदम श्वास सोडायच्या. मग ती मधली आली. ती वाकली. बाल्कनीत एक नवं कुटुंब उभं होतं, त्यातल्या आजोबांनी पोह्यांची बशी हात लांब करून वर धरली होती. पोफळ वाकत गेली, वाकत गेली आणि बशीच्या हातभर वर थांबली. जनूभाऊंनी पोह्यांकडे बघितलं. खाली माझ्याकडे बघितलं. त्यांच्या पोटातलं मला इथे कळत होतं. मग त्यांनी पाय मारला, झोका उलटा फिरला आणि पुढचं झाड मिठीत आलं. बाल्कनीतल्यांनी टाळ्या वाजवल्या. मी चारचौघांत ओरडले, माझ्या वयाला आणि आकाराला न शोभेल असं.

रांग संपली. शेवटच्या पोफळीवरचा घड त्यांनी कापला. मग आम्हाला वाटलं आता उतरतील. पण ते झोका घेतच राहिले. पुढे, मागे, पुढे, आणि पुढे जाताना हात लांब करत होते. खालच्यांना वाटलं आनंदात आहेत. श्रीरंगसुद्धा हसला. मग काकूंनी वर बघून विचारलं, "अरे जन्या, उतर की. काय करतोयस?"

"बा इथून पलीकडच्या वाडीत जायचा, मंग मी बी जायचो," ते वरून म्हणाले. "हात सवयीनं जातो. पुढं झाडच न्हाय."

पुढे श्रीरंगची गाडी उभी होती. बाकी मोकळी, सपाट जमीन. जनूभाऊ हळूहळू खाली आले आणि तेव्हा कुठे मास्तरीणबाईंचा डबा उघडला गेला.

श्रीरंगने दिलेला शब्द पाळला, हे सांगायला हवं. करवतवाल्याला चहा पाजून परत पाठवला. आम्ही ओटीवर खात बसलो असताना काकू कुठे दिसेनात. बघते तर त्या गाडीच्या मागे वाकलेल्या. झाडांखाली आपोआप उगवलेलं पोफळीचं एक रोप त्यांनी खणून आणलं होतं आणि गाडीच्या मागच्या चाकाला लागून, पार्किंगच्या मधोमध लावत होत्या.

"काकू, गाडी कशी काढू मी?" श्रीरंग म्हणाला.

"पुढून काढ," काकू म्हणाल्या. पुढे पोफळींची रांग होती आणि तिच्या टोकाला विहीर.

जनूभाऊंनी त्यांना हाताला धरून उभं केलं आणि रोपाला पाणी घातलं. रोप गुडघ्याएवढंही नव्हतं. मग हात पुसत त्यांनी मला नेहमीचं विचारलं, "मॅडम, परत कधी येऊ?"

मी काही बोलायच्या आत काकू म्हणाल्या, "ह्याला सुपारी धरेपर्यंत जन्याला हलका ठेवायचा. तुमच्याकडे लागलं ते काम."

"काकू, पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात."

ऐंशी वर्षांच्या त्या बाईने हाताची माती झटकली आणि माझ्याकडे नवल वाटल्यासारखं बघितलं.

"मग? तुम्हाला कुठे जायचंय?"